कॉम्प्युटरचा पंखा सारखा वर-खाली का होतो?

घरातला कॉम्प्युटर सुरू केला की थोडा वेळ सगळं शांत असतं. मग आतून घूंऽऽ असा आवाज चढतो, दहा सेकंदांत उतरतो आणि पुन्हा चढतो. कोणी गेम खेळत नसतं, व्हिडीओ बघत नसतं. स्क्रीनवर फक्त शाळेचा प्रोजेक्ट किंवा लाइट बिलाचं पान उघडलेलं असतं. तरी आतला पंखा चार मजले चढून आल्यासारखा धापा टाकत असतो. पहिले एक-दोन दिवस सगळे दुर्लक्ष करतात. मग कोणीतरी म्हणतं, ‘पंखा गेला वाटतं, बदलून टाकू या.’

इथेच अनेकदा पैसे वाया जातात. सतत वेग बदलणारा पंखा बहुतेक वेळा धडधाकट असतो. त्याला वर-खाली होण्याचा हुकूम दुसरीकडून मिळत असतो. नवा पंखा बसवला तर तोही तेच करणार. उलट काही जण आवाजाला कंटाळून पंख्याचा वेग कमी करून टाकतात. मग एखाद्या दिवशी काम चालू असताना कॉम्प्युटर अचानक बंद पडतो आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं. म्हणून पंख्याला हात लावण्याआधी तो असं का वागतोय, हे शोधायला हवं. हा शोध घरच्या घरी, एका संध्याकाळी घेता येतो.

पंखा कोणाचं ऐकतो?

घरात आपण ज्या डब्याला सरसकट ‘सीपीयू’ म्हणतो, तो खरं तर कॅबिनेट. खरा सीपीयू म्हणजे आत मदरबोर्डवर बसलेला प्रोसेसर. त्याच्यावर धातूच्या पात्यांचा एक ठोकळा असतो, त्याला हीटसिंक म्हणतात. त्यावर पंखा असतो. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकमध्ये येते आणि पंखा ती हवेत उडवतो.

ही उष्णता किरकोळ नसते. जुना सीलिंग फॅन साधारण ७५ वॅट वीज घेतो. आजचे ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसर पूर्ण जोरात चालताना २०० वॅटच्या पुढे जातात आणि ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते. तीही बिस्किटाएवढ्या जागेत.

प्रोसेसरमध्येच तापमान मोजणारे सेन्सर असतात. मदरबोर्ड ते तापमान वाचतो आणि आपल्याकडच्या नियमानुसार पंख्याला वेग सांगतो. उदाहरणार्थ, ४० अंशांपर्यंत ३० टक्के वेग, ६० अंशांना ५० टक्के, ८० अंशांना पूर्ण वेग. आजच्या बहुतेक प्रोसेसर-पंख्यांना चार वायर असतात. दोन विजेच्या. तिसरीतून पंखा आपला वेग मदरबोर्डला कळवतो. चौथीतून मदरबोर्ड वेगाचा हुकूम देतो.

आता गडबड कुठे होते ते बघा. एखादं वेबपेज उघडलं की प्रोसेसर क्षणभर जोर लावतो आणि त्याचं तापमान सेकंदाच्या आत १०-१५ अंशांनी उडी मारतं. पेज उघडून झालं की तेवढ्याच वेगाने उतरतं. पंखा प्रत्येक उडीमागे धावला तर आवाज सारखा वर-खाली होणारच. आपला फ्रीज असं करत नाही. त्याचा कॉम्प्रेसर एका तापमानाला सुरू होतो आणि बऱ्याच खालच्या तापमानाला बंद होतो. मध्ये अंतर ठेवलेलं असतं, म्हणून तो दर मिनिटाला सुरू-बंद होत नाही. पंख्याच्या नियमातही असं अंतर किंवा थोडी उसंत लागते. ती नसेल तर पंखा धापा टाकतो.

वेग दुप्पट झाला की पंख्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. शिवाय एकसारख्या आवाजाची कानाला सवय होते, बदलत्या आवाजाची होत नाही. म्हणून हा त्रास प्रत्यक्षापेक्षा मोठा वाटतो.

आधी नीट ऐका

स्क्रू ड्रायव्हर शोधण्याआधी पाच मिनिटं कान द्या. आवाजाच्या तऱ्हेवरून बरंच कळतं.

बटण दाबताच पंखा जोरात फिरतो आणि काही सेकंदांत शांत होतो, हे सामान्य आहे. बऱ्याच मशीनमध्ये सुरुवातीला पंखा असाच पूर्ण वेगाने फिरतो.

काही काम नसताना दर ५-१० सेकंदांनी वर-खाली होत असेल, तर संशय वेगाच्या नियमावर किंवा पडद्यामागे चाललेल्या एखाद्या प्रोग्रामवर.

हळूहळू चढून तिथेच राहत असेल, तर उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाहीये.

खरखर, टकटक किंवा दळण दळल्यासारखा आवाज येत असेल, तर मात्र खुद्द पंख्यातच दोष आहे.

दहा मिनिटांची नोंद

आता दोन आकडे बघायचे आहेत: प्रोसेसर किती काम करतोय आणि किती तापलाय.

विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयूचा टक्का दिसतो आणि कोणता प्रोग्राम किती खातोय तेही दिसतं. सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. मॅकवर हेच काम ॲक्टिव्हिटी मॉनिटर करतो.

टास्क मॅनेजर प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही. त्यासाठी कोअर टेंप किंवा एचडब्ल्यू-इन्फो यांसारखा मोफत प्रोग्राम घ्या, पण तो त्यांच्या मूळ वेबसाइटवरूनच उतरवा. एचडब्ल्यू-इन्फोमध्ये बऱ्याच मशीनवर पंख्याचे मिनिटाला किती फेरे होतात तेही दिसतं.

कॉम्प्युटर सुरू करून दहा मिनिटं काहीही न करता ठेवा. मग दोन्ही आकडे कागदावर लिहा, सोबत खोलीतलं अंदाजे तापमानही लिहा. ते महत्त्वाचं, कारण पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, तो एसी नाही. खोली २५ अंशांवर असेल तर रिकामा प्रोसेसर साधारण ३५ ते ५० अंशांत असतो. मे महिन्यात नागपूर, दिल्ली किंवा अहमदाबादमध्ये खोलीच ४० अंशांवर असेल, तर ५५-६० अंश दिसले म्हणून घाबरू नका. भरपूर काम करताना ७० ते ८५ अंश हेही चालतं. बऱ्याच इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आणि बऱ्याच रायझन प्रोसेसरची ९५ अंश असते. तिथे पोहोचला की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. तरीही तापत राहिला, तर मशीन बंद पडतं.

तुमच्या कागदावर तीनपैकी एक चित्र दिसेल.

पहिलं चित्र: टक्का जास्त, तापमानही जास्त

म्हणजे तुम्ही काही करत नसलात तरी आत कोणीतरी काम करतंय. टास्क मॅनेजरमध्ये त्याचं नाव दिसेल.

बहुतेक वेळा कारण साधं असतं. विंडोज अपडेट उतरतंय, अँटिव्हायरस सगळ्या फाइल तपासतोय, किंवा लग्नाचे दोन हजार फोटो कॉपी केल्यावर विंडोज त्यांची यादी बनवतंय. ही कामं संपणारी असतात. रात्री कॉम्प्युटर दोन-तीन तास चालू ठेवा, स्लीपमध्ये जाऊ देऊ नका आणि सकाळी पुन्हा ऐका. त्रास गेला असेल तर पुढचं काहीच करायला नको.

ब्राउझर हा दुसरा संशयित. वीस टॅब उघडे असतील आणि त्यातल्या दोन पानांवर हलत्या जाहिराती असतील, तर प्रोसेसरला दर क्षणी छोटे धक्के बसतात. टॅब बंद करा. नको असलेली एक्स्टेंशन काढून टाका. ब्राउझर पूर्ण बंद केल्यावर पंखा शांत झाला, तर चोर सापडला.

ब्राउझर बंद असतानाही एखादा अनोळखी प्रोग्राम सतत निम्म्याहून जास्त सीपीयू खात असेल, तर पूर्ण व्हायरस स्कॅन करा. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गुपचूप क्रिप्टो चलन काढणारे प्रोग्राम असतात. फुकट मिळवलेल्या क्रॅक सॉफ्टवेअरबरोबर ते घरात शिरू शकतात.

मॅकवर कर्नेल टास्क नावाची प्रक्रिया खूप सीपीयू घेताना दिसली तर तिच्यावर राग काढू नका. मशीन तापलं की इतर प्रोग्रामना आवरण्यासाठी मॅक तिचा वापर करतो. खरं कारण उष्णतेचं असतं.

दुसरं चित्र: टक्का कमी, तरी तापमान जास्त

इथे उष्णता तयार कमी होतेय, पण बाहेर जात नाहीये. आधी जागा बघा. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलला कॅबिनेट ठेवायला एक बंद खण असतो, वर दार, मागे फळी. त्यात गरम हवा तिथल्या तिथे फिरत राहते. कॅबिनेट बाहेर काढा, मागची बाजू भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. प्लॅस्टिकचं कव्हर अंगावर ठेवून मशीन कधीच चालवू नका.

लॅपटॉप असेल तर तो गादीवर, उशीवर किंवा रजईवर ठेवू नका. बऱ्याच लॅपटॉपच्या हवा ओढायच्या फटी तळाला असतात आणि कापड त्या बंद करतं. साधा पाट किंवा टणक कव्हराचं मोठं पुस्तक खाली ठेवलं तरी फरक पडतो. एवढं करून दहा मिनिटांनी तापमान पुन्हा लिहा.

मग धूळ. रस्त्यालगतची खिडकी, उदबत्तीचा धूर, फोडणीची वाफ, घरातल्या मांजराचे केस हे सगळं पंखा आत ओढतो आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये गोधडी शिवतो. तेलकट धूळ तर चिकटूनच बसते.

डेस्कटॉप साफ करताना मशीन बंद करा, प्लग काढा, मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट गॅलरीत न्या, बाजूचं झाकण उघडा. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ सैल करा आणि हवेच्या डब्याने किंवा छोट्या ब्लोअरने बाहेर उडवा. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. नाहीतर ती भलत्या वेगाने फिरतात आणि बेअरिंग खराब होतं. ओलं फडकं आत नेऊ नका. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही टाळा, त्याच्या नळीत स्थिर वीज तयार होऊ शकते आणि ती नाजूक भागांना मारक असते. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर उघडू नका. तळाच्या आणि बाजूच्या फटींतून बेताने हवा मारली तरी बरीच धूळ निघते.

स्वच्छता करूनही आकडा उतरला नाही, तर तापमान कसं चढतं ते बघा. एखादा जड प्रोग्राम सुरू करताच एक-दोन सेकंदांत ३०-४० अंशांची उडी आणि बंद करताच तेवढीच घसरण होत असेल, तर हीटसिंक प्रोसेसरला नीट टेकलेला नसावा किंवा मधली थर्मल पेस्ट वाळली असावी. घर बदलताना टेम्पोत कॅबिनेट आडवा-तिडवा झाला असेल, तर हीटसिंकची एखादी पिन सुटलेली सापडते. उलट तापमान पाच-दहा मिनिटं हळूहळू चढत गेलं, तर हवेचीच वाट अडलेली आहे.

थर्मल पेस्ट बदलणं अवघड नाही, पण हात स्थिर हवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि मधोमध छोट्या वाटाण्याएवढी नवी लावायची. याआधी कधी केलं नसेल तर हे काम दुरुस्तीवाल्याकडे द्या.

तिसरं चित्र: दोन्ही ठीक, तरी पंखा वर-खाली

टक्का कमी, तापमान ४० ते ६० च्या मध्ये नाचतंय आणि पंखा त्याच्या तालावर. इथे मशीन निरोगी आहे, नियम तेवढा उतावळा आहे.

डेस्कटॉपमध्ये हा नियम बायोसमध्ये असतो. मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ हे बटण पुन्हा पुन्हा दाबलं की बायोस उघडतं, काही कंपन्यांचं बटण वेगळं असतं. तिथे फॅन कंट्रोल, स्मार्ट फॅन किंवा क्यू-फॅन अशा नावाचं पान शोधा. बदल करण्याआधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

तीन गोष्टी बघायच्या. पहिली, पंख्याचा प्रकार. पंख्याला चार वायर असतील तर पीडब्ल्यूएम आणि तीन असतील तर डीसी हा पर्याय हवा. चार वायरच्या पंख्याला डीसी लावलं तर तो अडखळू शकतो. तीन वायरच्या पंख्याला पीडब्ल्यूएम लावलं तर तो सहसा पूर्ण वेगानेच फिरतो.

दुसरी, उसंत. स्टेप अप आणि स्टेप डाउन टाइम असे पर्याय असतील तर ते काही सेकंदांनी वाढवा. मग पंखा क्षणिक उड्यांकडे दुर्लक्ष करतो. एवढ्या एकाच बदलाने पुष्कळदा आवाज थांबतो.

तिसरी, आलेख. ज्या तापमानात तुमचा रिकामा कॉम्प्युटर नाचतो, समजा ४० ते ६०, तिथे रेषा जवळपास सपाट ठेवा. ६५ नंतर ती चढू द्या आणि ८५ च्या आत १०० टक्क्यांवर पोहोचू द्या. खालचा भाग शांत केला तरी वरचा भाग कधीही दाबायचा नाही.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर आवाज त्याचाही असू शकतो. बऱ्याच कार्डांचे पंखे थंड असताना पूर्ण थांबतात आणि साधारण ५०-६० अंशांना सुरू होतात. कार्ड त्याच उंबरठ्यावर घुटमळत असेल तर पंखे सुरू-बंद होत राहतात. उपाय तोच, आलेख सपाट करा किंवा पंखे सतत अगदी मंद वेगात ठेवा.

लॅपटॉपच्या बायोसमध्ये असे पर्याय क्वचितच असतात. तिथे कंपनीच्या ॲपमध्ये, जसं लेनोवो व्हँटेज किंवा माय-आसूस, ‘क्वाएट’ किंवा ‘बॅलन्स्ड’ असा मोड असतो. शिवाय विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली की बऱ्याच मशीनमध्ये प्रोसेसरचा जादा जोर, म्हणजे टर्बो, बंद होतो. वेग थोडा कमी होतो, पण टायपिंग, ऑनलाइन क्लास, बिलं भरणं यात फरक सहसा जाणवत नाही. काही लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही.

पंखा खरंच बिघडला असेल तर

मशीन बंद करून प्लग काढा आणि पातं बोटाने हलकेच फिरवा. चांगला पंखा सहज फिरून हळूहळू थांबतो. अडकत असेल, डुगडुगत असेल किंवा खरखरत असेल तर बेअरिंग गेलं. सुरू करताना स्क्रीनवर सीपीयू फॅन एरर असा संदेश येत असेल तर आधी वायरचं कनेक्टर घट्ट बसलंय का बघा. आवाज एकसारखा आहे पण प्रोग्राममध्ये फेऱ्यांचा आकडा मध्येच शून्य दाखवतोय, तर वेग कळवणाऱ्या वायरचा संपर्क सुटतोय.

डेस्कटॉपचा नवा पंखा घेताना जुन्याचा आकार मोजा (९२ किंवा १२० मिलिमीटर असे ठरलेले आकार असतात) आणि वायर मोजा. लॅपटॉपचा पंखा मात्र त्या-त्या मॉडेलचाच लागतो.

हे अजिबात करू नका

आवाज नको म्हणून प्रोसेसरच्या पंख्याची वायर काढू नका.

मागच्या बाजूला जिथे वीज येते तो पॉवर सप्लायचा डबा, म्हणजे एसएमपीएस, उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठलेली राहू शकते. धूळ बाहेरूनच उडवा.

बायोस अपडेट वीज जाण्याची शक्यता असताना करू नका. मध्येच लाइट गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल तर पंख्याचा विचार सोडा. ती फुगलेली बॅटरी आहे. लॅपटॉप ताबडतोब बंद करा, चार्जर काढा, बॅटरी टोचू किंवा दाबू नका आणि सर्व्हिस सेंटर गाठा.

दुकानात जाताना

घरच्या उपायांनी काम झालं नाही तर तुमचा कागद सोबत न्या. ‘पंखा आवाज करतो’ एवढंच सांगितलं तर समोरचा पंखाच बदलेल. त्याऐवजी सांगा, ‘काही काम नसताना सीपीयू ५ टक्के, तापमान ७८ अंश, खोली ३० अंश. धूळ काढली, प्रोग्राम तपासले.’ मग तो थेट हीटसिंक आणि पेस्ट बघेल. मशीन देण्याआधी फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घ्या. परत घेताना तिथेच दहा मिनिटं चालवून तेच दोन आकडे पुन्हा बघा. आकडा उतरला असेल तर दुरुस्ती झाली. फक्त आवाज बंद झाला असेल आणि आकडा तोच असेल, तर पैसे देण्याआधी कारण विचारा.

पुढेही वर्षातून दोनदा, उन्हाळा सुरू होण्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, कॅबिनेटची धूळ काढा आणि त्या दिवशीचं तापमान त्याच कागदावर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी पंखा ओरडायला लागला, तर तो कागद काढून नवा आकडा जुन्याशी ताडून बघा.